चड्ढाला काय जुळतं?

...आणि म्हणे 'खड्डा'! अहो, जावयाच्या आडनावाला 'खड्डा' जुळवतं का कुणी? तेही मंगलाष्टकात? अंतरपाट धरलाय, पोरगी हार घेऊन उभी आहे, भटजी घड्याळाकडे बघतायत आणि मुलीचा बाप माइकवर खड्डा म्हणतोय... म्हणजे लग्नात म्हणाला नाही, देवाची कृपा, लग्नाच्या आधी म्हणाला, माझ्या गाडीत, गुरुग्रामच्या शंकर चौकाच्या जाममध्ये. पुढे ट्रक, मागे ट्रक, मी ब्रेकवर पाय देऊन बसलेलो आणि शेजारी हा बाळ निमकर डोळे मिटून पुटपुटतोय, चड्ढा, खड्डा, अड्डा, गड्डा... मला वाटलं, प्रेशर वाढलं ह्याचं. म्हटलं बाळ, पाणी देऊ का? तर म्हणतो, "गड्डा चालेल का रे? कोबीचा?"

तुम्हाला सांगतो, समोरच्या फ्लॅटमध्ये ड्रम वाजवणारा राहिला तर सोसायटीत तक्रार करता येते. कवी राहायला लागला तर कुणाकडे जायचं?

बरं, हा जन्माचा कवी असता तर आम्ही सावध तरी राहिलो असतो. हा साठीला आलेला, नाव अजून बाळच, मूळचा पुण्याचा, अर्धं आयुष्य दिल्ली-गुरुग्राममध्ये गेलेलं, एका कंपनीत नियम पाळले जातायत की नाही ते बघायची नोकरी. आयुष्यात ह्यानं जे काय लिहिलं ते 'सोबत जोडलेलं पाहावं' इथपासून 'आपला विश्वासू' इथपर्यंत. त्याला अचानक यमक कशाला लागावं? तर मुलीमुळे. मृणालमुळे.

आता मृणालचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी दया येईल. मृणालनं लग्न ठरवलं गगन चड्ढाशी. दिल्लीच्या पश्चिम विहारचा मुलगा, तिच्याच ऑफिसात, सज्जन, कमी बोलणारा, दिसला की वाकून नमस्कार. बाळला मुलगा पंजाबी म्हणून राग नव्हता, मी शपथेवर सांगतो. राग होता तो सांगण्याच्या क्रमाचा! एका रविवारी हा खाली गेटवर उभा, पार्सलची वाट बघत, आणि गार्ड कौतुकानं म्हणाला, "सर, गगन सर की एंट्री तो अपने यहाँ परमानेंट है." परमानेंट! म्हणजे गेटवरच्या अॅपला माहीत, गार्डला माहीत, दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला माहीत, तो त्याला बघून शेपटी हलवतो, आणि बापाला? बापाला शेवटी कळलं.

झालं. होळीला अबोला सुरू झाला तो पावसाळा संपला तरी चालूच. लग्नाला हो म्हणाला, सगळ्यांना हसून भेटला, साखरपुड्यात पेढा खाल्ला, पण मुलीशी थेट बोलणं बंद. मृणाल समोर उभी असायची आणि हा सुनेत्रावहिनींना सांगायचा, "तिला म्हणावं गीझर बंद कर." वहिनी बिचाऱ्या मान वळवून, "मृणाल, गीझर." आणि ती, "आई, केलाय म्हणावं." एकाच खोलीत! तिघंही! मी एकदा चहाला गेलो तर मलाच दुभाष्या केलं.

आणि एका सकाळी ह्या मुलीनं बापापुढे चहा ठेवला आणि आईला मध्ये न घालता म्हणाली, "बाबा, मंगलाष्टक तुम्ही लिहा. यूट्यूबवालं नको मला."

बाळ म्हणाला, "बघू." एवढंच म्हणाला आणि बाथरूममध्ये गेला. बराच वेळ आलाच नाही. वहिनींनी दार वाजवलं तर आतून नळ सोडल्याचा आवाज आला... असो. बाथरूममधून बाहेर आला तो कवी होऊन.

तरी मी म्हटलं, त्यात काय? 'मृणाल'ला 'खुशाल' आहे, 'गगन'ला 'मगन' आहे, चार ओळी झाल्या, सुटलास. सुटलाच असता! पण फोन आला विहीणबाईंचा. नीरजा चड्ढा. अतिशय प्रेमळ बाई, फोनवरसुद्धा जेवायला वाढतील अशा. म्हणाल्या, "भाईसाहब, वो जो आप लोग परदे के पीछे गाते हो ना, उसमें चड्ढा जरूर आना चाहिए. और बिल्कुल लास्ट में आए, जहाँ आवाज लंबी खिंचती है." का? तर गगनची आजी, बीजी. नव्वदीला टेकलेली. ऐकायला कमी, मराठीचा गंध नाही, आणि नातवाच्या लग्नात सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसणार. त्या सगळ्या विधीत तिला कळेल असा एकच शब्द असणार होता, स्वतःचं आडनाव. तो ओळीच्या मध्ये आला तर निसटून जाईल. शेवटी हवा.

आता ह्याला नाही कसं म्हणणार? बाळ विरघळला. हो म्हणाला. मग बसला जुळवत.

तुम्हाला सांगतो, यमक सापडत नाही हे दुःख नव्हतंच. सापडत होती! पुष्कळ सापडत होती! पण एकेक असं, की लग्न मोडावं. खड्डा. अड्डा. बुढ्ढा. "घरी आमुच्या चालतो नित्य अड्डा", हे त्यानं मला लिफ्टमध्ये म्हणून दाखवलं, आणि लिफ्टमधल्या बाई पुढच्याच मजल्यावर उतरल्या. मग म्हणाला, अगदी तंतोतंत नको, जवळचं बघू. पेढा! चड्ढा, पेढा! "जावई आमचा चड्ढा, गोड जसा पेढा." वहिनी म्हणाल्या, अहो हा उखाणा झाला, आणि तो घ्यायचा असला तर मृणालनं घ्यायचाय, तुम्ही काय घेताय? मग वाडा, गाढा, पोवाडा, एकदा तर काढा. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे आशेनं बघायचा. मी काय सांगणार? जुळतं हो... पण जुळत नाही!

तेवढ्यात बातमी फुटली की बाळ अष्टक लिहितोय. मग काय, ज्याला त्याला आपलं नाव हवं. वहिनींचे भाऊ अण्णासाहेब, साताऱ्याचे, अंतरपाट धरणारे मामा, त्यांनी फोन केला, की मामाचा मान असतो म्हणे, विसरू नका. बाळनं त्यांचंही जुळवलं. 'अण्णासाहेब' आणि 'आहेच'. "मातुल श्री अण्णासाहेब, त्यांचं कौतुक आम्हां आहेच." तुम्हीच सांगा, वाईट आहे का? सा-हे-ब, आ-हे-च, स्वर अगदी मापात! पण अण्णासाहेबांनी दोन दिवस विचार करून परत फोन केला. म्हणाले, "आहेच म्हणजे? नाइलाजानं आहे का?" जुळतं हो... पण जुळत नाही!

आणि मग आल्या विजूताई.

विजयालक्ष्मी. बाळची थोरली बहीण. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, पण निवृत्त फक्त पगारापुरत्या. त्यांच्यासमोर मी 'मी आलो' म्हणायच्या आधीसुद्धा ते शुद्ध आहे का विचारतो, इतकी भीती. त्या आल्या, हातपाय धुतले, आणि पर्समधून सात मंगलाष्टकं काढली. तयार! शार्दूलविक्रीडितात, एक मात्रा हलायची नाही, सगळे नातेवाईक ज्येष्ठतेप्रमाणे, अण्णासाहेबसुद्धा सन्मानानं बसलेले. फक्त चड्ढा कुठे नव्हता. होतं ते 'श्वशुरकुल'. बाळनं हळूच म्हटलं, ताई, ते बीजींसाठी चड्ढा शेवटी हवा होता. ताईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, ह्या वृत्तात ओळ संपते ती एका आखूड अक्षरावर आणि मग एका लांबवर, आणि तुझा चड्ढा दोन्ही पाय लांब करून बसलाय. बसणार कसा?

म्हणजे बघा, आधी यमकात बसत नव्हता, आता वृत्तातही बसेना. इतका सरळ मुलगा, पण कुठेच बसेना! बाळचं तोंड एवढंसं झालं. रात्री जेवताना मृणालनं विचारलं, आईला नव्हे, बाबांनाच, "झालं का?" तर हा आमटीत बघून म्हणाला, "आत्या लिहितेय." आणि त्या पोरीचा चेहरा... वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, भावजी, ती उठली आणि ताट न आवरताच आत गेली.

पुढच्या रविवारी पश्चिम विहारला पत्रिका द्यायला जायचं होतं. गाडी अर्थात माझी. बाळ वाटेत एक अक्षर बोलला नाही, आणि खरं सांगू का, मला खड्ड्याची आठवण यायला लागली. चड्ढांकडे पोचलो तर चहा, मठरी, समोसे, गाजराचा हलवा, पुन्हा चहा. कोपऱ्यात दिवाणावर बीजी, शाल गुंडाळून, आणि शेजारच्या वाटीत पाण्यात त्यांची कवळी. नुकतं जेवण झालेलं ना. बाळ पाया पडायला वाकला. नीरजाबाई त्यांच्या कानात ओरडल्या, बीजी, कुडी दे पापा, म्हणजे मुलीचे वडील! बीजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, थोपटलं, आणि ओळख करून द्यावी तशा म्हणाल्या, "असी चद्धे हां, पुत्तर. चद्धे."

बाळ तसाच. वाकलेला. मुंडी खाली, दोन्ही हात बीजींच्या पायावर. मग खालूनच मोठ्यानं आवाज आला, "बीजी, एक बार फिर बोलिए."

"चद्धे."

"फिर से."

नीरजाबाईंना वाटलं, कंबर धरली. त्या गरम पाण्याची पिशवी आणायला धावल्या. गगननं त्याला काखेतून धरलं, अंकल आराम से, आराम से. आणि हा सरळ झाला तो अशा चेहऱ्यानं, की मीही घाबरलो. गाडीत बसल्याबरोबर माझा दंड धरला. "श्रद्धा! अरे, श्रद्धा! ढ म्हणताना जीभ टाळूला लागते, ध म्हणताना दातांना. एवढंच अंतर आहे रे. एवढंच!" तुम्हाला सांगतो, दातांनी उच्चारायचं अक्षर, आणि ते सुचलं कुणामुळे, तर जिची कवळी वाटीत होती तिच्यामुळे!

मी म्हटलं, छान आहे. मनात म्हटलं, विजूताई ह्याला सोलणार.

ताई डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या, वहिनी मटार सोलत होत्या, मीही दोन शेंगा हातात घेतल्या, काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. बाळनं ओळी म्हणून दाखवल्या. ताईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "चड्ढा आणि श्रद्धा? ह्याला यमक म्हणत नाहीत बाळ. शेजार म्हणतात."

लहानपणापासून ताई म्हणाली की ह्याची पाटी पुसलेली, हे मला माहीत होतं. मी वाट बघत होतो की हा आता 'बरं' म्हणतो. पण म्हणाला नाही. मटारची एक शेंग उचलली, खाली ठेवली. आणि आवाज न चढवता म्हणाला, "ताई, तुम्ही सगळे पुण्यात होतात. इथे मृणालला न्यूमोनिया झाला, सुनेत्राचं ऑपरेशन झालं, मला कुणी सोडायला नव्हतं, आणायला नव्हतं. आम्ही इथे शेजारावरच जगलो. मला चालेल शेजार."

मी आपला मटारकडे बघत राहिलो. एका शेंगेत किती दाणे असतात, मोजायला लागलो. वहिनी उठून कुकर बघायला गेल्या, आणि कुकर लावलेलाच नव्हता.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "शेवटी चड्ढाच हवा?"

"हवाच."

"मग वृत्त बदल. भुजंगप्रयात घे. त्यात शेवटी दोन लांब अक्षरं बसतात." आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवला, लहान मोठा मोठा, लहान मोठा मोठा. दोघं बहीणभाऊ तासभर बसले. हा चुकला की ताई बोटावर चापट मारत होत्या, साठीच्या माणसाच्या! उठताना मात्र सांगायला विसरल्या नाहीत, "यमक मला मान्य नाही. लक्षात ठेव."

आता लग्न. छतरपूरकडचं एक फार्महाऊस, मुहूर्त सकाळचा. चड्ढा मंडळी हादरलेली, ग्यारह बजे शादी? उठेगा कौन? पण आले, सगळे आले, काळे चष्मे लावून आले, ढोलवाल्यासकट. सगळ्यात पुढे बीजी, गुलाबी शाल, आणि त्या दिवशी कवळी लावून! म्हणजे आता त्यांच्या तोंडी चड्ढा अगदी टणक, स्वच्छ चड्ढा. बाळनं ते ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं... मी काय बोलणार? जुळतं हो... पण जुळत नाही!

अण्णासाहेबांनी अंतरपाट धरला. इकडे मृणाल, तिकडे गगन. विजूताईंची सात अष्टकं झाली, खणखणीत. अक्षता पडल्या. चड्ढांकडचे काहीजण दर सावधानला टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटत होतं झालं. मग बाळनं माइक हातात घेतला. आणि गायला लागला. आवाज बेताचा, पण सुरात.

घरी आमुच्या वाढली ही मृणाल,
तिला ठेव बाळा सुखी अन् खुशाल...

'खुशाल'वर थोडा अडकला. पुढची ओळ घेतली, शेवटचा शब्द लांबवून, बीजींकडे तोंड करून.

मुलासारखा मानतो आज चड्ढा...

आणि बीजींनी ऐकलं! अहो, काय ऐकलं! दोन्ही हात वर केले. "चड्ढा! चड्ढा केहा!" म्हणजे चड्ढा म्हणाला! झालं, मागची अख्खी पलटण उठली. शिट्ट्या, हुर्रे, ढोलवाल्याला वाटलं इशारा झाला, त्यानं काठी घातली ढोलावर, अक्षतांचा पाऊस, अण्णासाहेबांनी गोंधळून अर्धा अंतरपाट खाली सोडला, गगनचे मित्र त्याला खांद्यावर उचलायच्या बेतात, भटजी मुहूर्त, मुहूर्त म्हणून ओरडतायत. आणि बाळ? बाळ माइक धरून उभा. तोंड उघडं. चौथी ओळ आतच. ज्या ओळीसाठी माझे कान गेले, ताईंशी पहिल्यांदा वाद घातला, वाकलेल्या कमरेनं जे मिळवलं, ते श्रद्धा आतच राहिलं. त्यानं माइक हळूच खाली घेतला. मला म्हणाला, "जाऊ दे."

तेवढ्यात मृणालनं हात वर केला. हार तसाच दुसऱ्या हातात. "रुको! ढोलवाले भैया, रुको! मेरे बाबा की एक लाइन बाकी है."

नवरीच ओरडली म्हटल्यावर ढोल थांबला. शिट्ट्या थांबल्या. गगननं मित्रांना दटावून गप्प केलं. अण्णासाहेबांनी अंतरपाट परत वर धरला. एवढं मोठं लॉन, पण वाढप्याच्या हातातल्या बशांचा आवाज ऐकू यायला लागला. आणि ती पडद्याच्या कडेवरून बापाकडे बघत म्हणाली, "म्हणा बाबा."

त्यानं गायलं नाही. गाता आलंच नसतं. नुसतं म्हणाला, बोलावं तसं.

असो एकमेकांवरी गाढ श्रद्धा.

कुणी टाळी वाजवली नाही. बीजींनी सुनेकडे वळून विचारलं, "शरधा?" नीरजाबाईंनी डोळे पुसत मान हलवली. म्हणजे बघा, एक शब्द कळेल म्हणून आली होती म्हातारी, तिला दोन कळले. तंतोतंत यमक घेतलं असतं तर दुसरा कळला असता का? मी आपलं विचारतो.

आणि मग बाळ म्हणाला, "मृणाल, घाल आता हार." सुनेत्रावहिनींना न सांगता. थेट, नाव घेऊन. कित्येक महिन्यांनी. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, मेकअपवाल्या बाईला कळलं असेल, ती धावत आली. मग पुन्हा ढोल, आणि ह्या वेळी भटजीही नाचले असते, पण धोतर.

आता तुम्ही म्हणाल, संपलं, गोड झालं. थांबा. दुसऱ्या दिवशी पश्चिम विहारला चड्ढांकडचं रिसेप्शन होतं. आम्ही सगळे गेलो. बाळ फेटा बांधून, नवा नेहरू शर्ट, चालण्यात एक ऐट. कवी ना आता! ह्याला अष्टकाबद्दल कुणी काही म्हणेल म्हणून जरा हळू चालत होता. तर नीरजाबाई आणि त्यांच्या बहिणी ढोलकी घेऊन बसलेल्या. त्यांच्यात म्हणे व्याह्यांना चिडवायची गाणी असतात, मान असतो तो, राग धरायचा नाही. नीरजाबाई हात जोडून म्हणाल्या, "भाईसाहब, आपने हमारा नाम डाला, तो हमने भी आपका डाला है." बाळ सुखावला. मला कोपर मारलं. म्हणाला, बिचाऱ्यांना 'निमकर'ला जुळवायला किती त्रास झाला असेल रे.

काही त्रास झाला नव्हता! ढोलकीवर थाप पडली आणि सगळ्या बायका एका सुरात,

आए समधी बाल जी निमकर,
फेटा बाँधे लगते जोकर!

सगळं रिसेप्शन हसतंय, बीजी मांडीवर ताल धरतायत, आणि त्या बायकांच्या मधोमध, सगळ्यात मोठ्यानं गातंय कोण? मृणाल! नवी सून! बाळ फेट्याखाली लाल झाला. उठावं की हसावं, काही सुचेना. मदतीसाठी त्यानं विजूताईंकडे बघितलं. मीही बघितलं. म्हटलं, आता ताई ह्या बायकांना सोडत नाहीत.

ताईंनी कान देऊन दोन्ही ओळी पुन्हा ऐकल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. आणि भावाकडे झुकून, इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या आदरानं म्हणाल्या, "बाळ, यमक निर्दोष आहे हो."